वऱ्हाडातील पाखरांचा निवारा

(पक्षिसप्ताहानिमित्त अमरावती व अकोला जिल्ह्यांतील शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्र शासनाने २०२० पासून पक्षिसप्ताह म्हणून पाळण्यास सुरुवात केली. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस. वनखात्याच्या सेवेत त्यांनी विदर्भातील अरण्ये पायाखाली घातली आणि पाखरांची गावोगावची नावे गोळा करून मराठीत आणून ठेवली. जून २०२५ मध्ये ते आपल्यातून गेले. १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस. १९०८ साली मुंबईतील एका लहान मुलाने हवेच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही चिमणी कोणती हे विचारण्यासाठी तो बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला आणि तेथील सचिव मिलार्ड यांनी त्याला पाखरांच्या विद्येचे दार उघडून दिले. तो मुलगा म्हणजे सालिम अली. ती चिमणी म्हणजे पीतकंठी चिमणी. ती आपल्या वऱ्हाडातही आहे आणि ती झाडाच्या ढोलीत घरटे करते.

आजचा माझा विषय याच ढोलीचा आहे. आपल्या गावातील कोणती पाखरे ढोलीवर व भिंतीच्या भोकावर अवलंबून आहेत, त्यांचा निवारा का कमी होत आहे, आणि शाळा व पंचायत यांना त्याबाबत काय करता येईल, एवढेच मी सांगणार आहे.

बांधणारी पाखरे आणि शोधणारी पाखरे

घरटे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सुगरणीचे विणलेले घरटे येते. शिंपी पक्षी पाने शिवतो, बुलबुल काटक्यांची वाटी करतो, होला चार काड्या आडव्या टाकून संसार मांडतो. ही बांधणारी पाखरे होत. त्यांना फांदी व झुडूप मिळाले की पुरते.

पाखरांचा दुसरा एक मोठा वर्ग आहे. त्याला तयार पोकळी लागते. घरातली चिमणी, साळुंकी, भांगपाडी मैना, दयाळ, चिरक, पोपट, नीलकंठ, हुदहुद, पिंगळा, गव्हाणी घुबड, राखी धनेश ही सर्व मंडळी या वर्गात येतात. यांपैकी एकालाही खोड पोखरून नवी ढोली तयार करता येत नाही. ते काम सुतार पक्ष्याचे आणि तांबटाचे. आपल्याकडे मराठा सुतार या नावाचाच एक लहान सुतार पक्षी आहे. तो व तांबट वठलेल्या किंवा मऊ पडलेल्या फांदीत बीळ कोरतात, एक-दोन हंगाम वापरतात आणि सोडून देतात. मग ते बीळ दुसऱ्याच्या वाट्याला येते. मोठ्या ढोल्या वेगळ्या रीतीने होतात. वादळात फांदी मोडते, त्या जखमेतून पाणी व बुरशी आत शिरते, खोडाचा गाभा कुजतो आणि बाहेरचे झाड हिरवे असतानाच आत पोकळी तयार होते. पोकळ झाड म्हणजे मेलेले झाड नव्हे, ही गोष्ट कुऱ्हाड हाती असणाऱ्याने विशेष लक्षात ठेवावयास हवी.

निवारा का कमी झाला?

वऱ्हाडातील जुने घर पाहा. मातीच्या जाड भिंती, वर कवेलू किंवा धाबे, आढ्याखाली फटी, गोठ्याला तुराट्यांचा कुड, ओसरीला वळचण. घर बांधताना कोणी पाखरांचा विचार केलेला नसे. परंतु घराच्या स्वभावातच त्यांना जागा होती. चिमणीला वळचण मिळे, चिरकाला भिंतीतले भोक मिळे, आणि घुबडाला तर गोठ्यातील गव्हाणीवरून नावच मिळाले. सिमेंटच्या घरात माणसाला पावसापासून व विंचवा-सापापासून चांगले संरक्षण मिळते. ते घर नको असे कोणीही म्हणणार नाही. परंतु त्या भिंतीत बोट शिरेल एवढीही फट नसते, हेही तितकेच खरे आहे.

झाडांचेही तसेच झाले. धुऱ्यावरची कडुलिंबे, चिंचा, बाभळी व मोह हे मोठ्या ढोल्यांचे जुने साठे होत. धुरे बारीक झाले, शेताचे वाटे पडले, रस्ते रुंद झाले आणि प्रथम पडली ती जुनी झाडे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा एकेरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत घालण्यात आला आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. चांगला रस्ता आपल्या भागाची गरज आहे आणि तो इतक्या वेगाने होऊ शकतो ही समाधानाची बाब आहे. परंतु पिंगळ्याचे जोडपे राहू शकेल अशी ढोली कडुलिंबाच्या खोडात पडावयास काही दशके जातात. तेथे कोणाला विक्रम करता येत नाही. तोडलेल्या झाडाच्या बदल्यात आपण दहा रोपे लावतो ते योग्यच आहे. मात्र त्या दहा रोपांत आपल्या हयातीत एकही ढोली होणार नाही.

येथे चिमणीविषयी एक खुलासा आवश्यक आहे. चिमण्या सर्वत्र नष्ट होत चालल्या आहेत असे आपण वारंवार ऐकतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीच्या अहवालात देशभरातील नोंदी एकत्र करून पाहण्यात आल्या. मोठ्या शहरांत चिमणी कमी झाली आहे, परंतु देशाचा एकूण विचार करता तिची संख्या सुमारे पंचवीस वर्षे बरीचशी स्थिर आहे, असे त्यात आढळून आले. तेव्हा आपल्या गावात चिमणी टिकून असेल तर ती टिकविणे, आणि नव्या वस्तीतून ती गेली असेल तर तिला परत जागा देणे, असे दुहेरी काम आपल्यापुढे आहे. घबराटीचे कारण नाही. परंतु दुर्लक्षाचेही नाही.

आधी पाहणे, मग पेटी

परदेशांत पाखरांसाठी पेट्या लावण्याची प्रथा जुनी आहे. इंग्लंडमध्ये चार्ल्स वॉटर्टन या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या जमिनीवर गव्हाणी घुबडासाठी दगडी घर बांधले होते. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवासी एका जातीच्या पाकोळीसाठी पोकळ भोपळे खांबांवर टांगत. त्याच खंडात निळ्या रंगाचा एक गाणारा पक्षी ढोल्यांच्या टंचाईमुळे विरळ झाला होता. लोकांनी कुंपणांच्या खांबांवर हजारो पेट्या लावल्या आणि त्याची संख्या पुन्हा वाढली. म्हणजे उपाय खात्रीचा आहे. परंतु तेथील लोकांनी पेटीबरोबर वहीही ठेवली होती. कोणते पाखरू आले, किती अंडी झाली, किती पिले उडाली याची नोंद झाल्यामुळेच पेटीत सुधारणा होत गेली.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती अशी की, पहिली पेटी ठोकण्यापूर्वी मुलांना निदान एक महिना पाहावयास लावा. महागड्या दुर्बिणीवाचून हे अडत नाही. सकाळी सूर्योदयानंतरचा एक तास आणि एक वही पुरे. सालिम अलींनी आपल्या पुस्तकात पाखराचा आकार ओळखीच्या पाखराशी ताडून सांगण्याची सोपी रीत वापरली आहे : चिमणीएवढे, बुलबुलाएवढे, साळुंकीएवढे, कावळ्याएवढे. मुलांना ही रीत एका दिवसात येते. त्यानंतर रंग, चोच, शेपटीची हालचाल, आवाज. नोंदीत तारीख, वेळ, जागा व संख्या या चार गोष्टी असल्याच पाहिजेत. पाखराचे स्थानिक नाव आजोबांना विचारून लिहावे. एकाच पाखराला अचलपूरला एक नाव आणि बाळापूरला दुसरे नाव असू शकते. ती दोन्ही नावे जपण्यासारखी आहेत.

अमरावतीकरांना वडाळी व छत्री तलाव आणि पोहरा-मालखेडचे रान जवळ आहे. अकोलेकरांना कापशीचा तलाव व काटेपूर्णा अभयारण्य आहे. हिवाळ्यात तेथे दूरदेशीची पाणपाखरे येतात व ती पाहावयास अवश्य जावे. परंतु आपला अभ्यास शाळेच्या आवारापासून सुरू व्हावा. गावातील कोणत्या झाडाला ढोली आहे, कोणत्या भिंतीत चिरक शिरतो, कोणत्या विजेच्या खांबाच्या पोकळ नळीत साळुंकी गवत नेते, याचा नकाशा मुलांनी काढावा. जेथे पाखरू जागा शोधत फिरते आहे पण जागा सापडत नाही, तेथे पेटी लावावी. नुसती पेटी लावली आणि पाखरू आले नाही अशी तक्रार बहुतेक ठिकाणी ऐकू येते. तिचे कारण हे पाहणे टाळलेले असते.

पेटी कशी असावी?

पेटीसाठी फळांच्या खोक्याची साधी फळी चालते. पुठ्ठ्याचे खोके पहिल्या पावसात लोळते आणि पत्र्याचा डबा उन्हात भट्टीसारखा तापतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हे विसरून चालणार नाही. मातीचे मडके हा आपला चांगला देशी पर्याय आहे. मात्र ते पक्के बांधलेले व पाणी निथळणारे असावे.

चिमणीच्या पेटीचा तळ आतून सुमारे १५ सेंटिमीटर लांब व तितकाच रुंद, उंची २० ते २५ सेंटिमीटर, आणि प्रवेशाचे भोक साडेतीन सेंटिमीटरपर्यंत असावे. दयाळासाठी भोक ५ सेंटिमीटर लागते. साळुंकीला त्याहून थोडे मोठे हवे. पिंगळ्याची पेटी अधिक खोल, २० ते २५ सेंटिमीटर रुंद आणि ७-८ सेंटिमीटर भोकाची करावी. भोकाचा व्यास हा त्या घरचा दरवान समजावा. चिमणीच्या पेटीचे भोक मोठे झाले की साळुंकी आत शिरते आणि चिमणीचा संसार बाहेर पडतो. भोक तळापासून पुरेसे वर असावे, म्हणजे मांजराचा पंजा पिलांपर्यंत पोहोचत नाही. भोकाखाली बसण्यासाठी काडी ठोकण्याची पद्धत दिसते ती बंद करावी. ढोलीत राहणाऱ्या पाखराला तिची गरज नसते. कावळ्याला मात्र ती फार सोयीची होते.

पेटीचे तोंड उत्तरेला किंवा पूर्वेला असावे. पश्चिमेचे ऊन व नैर्ऋत्येचा पाऊस दोन्ही त्यामुळे चुकतात. छपराला पुढे उतार, तळाला पाणी निथळण्यासाठी बारीक छिद्रे, वरच्या कडेला हवेसाठी फट, आणि आतून रंग-वार्निश काहीही नाही. जमिनीपासून दोन-अडीच पुरुष उंचीवर, वळचणीखाली किंवा खोडावर, झोके न घेणारी अशी ती बसवावी. संक्रांतीच्या सुमारास पेटी लागली की उन्हाळ्याच्या विणीपूर्वी पाखरांना तिची ओळख होते. चिमण्यांच्या दोन-तीन पेट्या जवळ चालतात. दयाळ मात्र आपल्या हद्दीत दुसऱ्या दयाळाला येऊ देत नाही.

चिमणीची अंडी साधारण दोन आठवड्यांत फुटतात आणि पुढे दोन आठवड्यांच्या आसपास पिले उडतात. या काळात पेटी उघडू नये, छायाचित्रासाठी शिडी लावू नये, ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पाखराला भुलवू नये. दुरून, रोज ठरावीक वेळी, अर्धा तास पाहावे. नर-मादी किती वेळा चारा घेऊन येतात एवढे मोजले तरी गणिताचा एक उत्तम तास होतो. पिले उडून पेटी रिकामी झाल्याची खात्री झाली की ती झाडून स्वच्छ करावी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार संरक्षित पाखरांची अंडी फोडणे व घरटी विस्कटणे हीसुद्धा शिकारच ठरते, हे मुलांना अवश्य सांगावे. पिंजऱ्यातील राघूही त्याच कायद्याखाली येतो.

शेतकऱ्याचे रात्रीचे राखणदार

पिंगळा हे नाव आपण दोन अर्थांनी ओळखतो. पहाटे कुडमुडे वाजवीत येणारा भिक्षेकरी पिंगळा भविष्य सांगतो. त्याला पिंगळा पाखराची भाषा कळते अशी समजूत आहे. खरा पिंगळा भविष्य सांगत नाही, परंतु शेतकऱ्याच्या हिताचे काम रोज करतो. किडे व उंदीर हे त्याचे खाद्य. गव्हाणी घुबडाचे तर मुख्य अन्नच उंदीर आहे. मलेशियातील तेलताडाच्या मळ्यांत आणि इस्रायलच्या शेतांत उंदरांच्या बंदोबस्तासाठी गव्हाणी घुबडाच्या मोठ्या पेट्या मुद्दाम उभारल्या जातात. आपल्याकडे मात्र घुबड अशुभ म्हणून हाकलले जाते, आणि काही ठिकाणी दिवाळीच्या सुमारास अघोरी विधींपायी मारलेही जाते. एकीकडे लक्ष्मीचे वाहन म्हणावयाचे आणि दुसरीकडे दगड मारावयाचा, ही विसंगती शिक्षकांनीच दूर केली पाहिजे.

हरभरा व तूर यांवरील घाटेअळीसाठी शेतात पक्षिथांबे उभारण्याचा सल्ला कृषी विभागाकडून व कृषी विद्यापीठांकडून आपल्याला मिळत आला आहे. थांब्यावर कोतवाल व साळुंकी बसतात आणि अळ्या टिपतात. दिवसा थांबा आणि धुऱ्यावर ढोलीचे झाड, अशी जोड मिळाली तर शेताची राखण दिवसरात्र होते.

पेटीची मर्यादा

पेटीचा एवढा पुरस्कार केल्यावर तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. चिमणी दाणे खाते हे खरे. परंतु पिलांना पहिले काही दिवस किडे व अळ्याच भरवाव्या लागतात. परिसरात कीटकच उरले नसतील तर उत्तम पेटीतही पिले उपाशी मरतील. आपला प्रदेश कापसाचा आहे आणि कापसावर फवारणी होते. १९९५-९६ च्या सुमारास अर्जेंटिनात मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकामुळे नाकतोडे खाणारे हजारो शिकारी पक्षी शेतातच मरून पडले होते. हे औषध आपल्या शेतकऱ्यांनाही परिचित होते. गरजेपुरती व शिफारशीप्रमाणेच फवारणी, आणि धुऱ्यावर चार देशी झुडपे राखणे, हा पेटीइतकाच महत्त्वाचा भाग आहे.

दुसरी मर्यादा अधिक मोठी आहे. सर्व पाखरे पेटीत येत नाहीत. धनेशाची मादी मोठ्या ढोलीत स्वतःला चिणून घेते आणि नर एका फटीतून तिला व पिलांना भरवितो. तशी जागा फळीच्या खोक्यात सहसा साधत नाही. आणि आपल्या अमरावती जिल्ह्याकडे तर जगाने विश्वासाने सोपविलेले एक पाखरू आहे. ते म्हणजे रानपिंगळा. १८७३ मध्ये ह्यूम यांनी या घुबडाचे प्रथम वर्णन केले. १८८४ नंतर त्याचा खात्रीलायक पुरावा कोणालाही मिळाला नाही आणि ते नामशेष झाले असावे असे मानले गेले. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन व त्यांचे सहकारी बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांना शहाद्याजवळ ते पुन्हा दिसले. तब्बल ११३ वर्षांनी. पुढील पाहण्यांत मेळघाटच्या सागवानी जंगलात त्याची चांगली वस्ती आढळली. १९७४ पासून व्याघ्रप्रकल्प म्हणून राखलेल्या या अरण्यात जुनी, ढोलीची झाडे उभी राहिली होती; रानपिंगळा अशाच झाडांत अंडी घालतो. शास्त्रज्ञांना एक शतकभर ज्याचा पत्ता नव्हता, ते पाखरू आपल्या डोंगरात नांदत होते. त्याची जागा खोक्यांनी भरून काढण्याची पाळी आपल्यावर येऊ नये.

तेव्हा पेटी हा तात्पुरता आधार समजावा. तिचा खरा उपयोग असा की, पेटीत वाढलेले पिलू पाहिलेला मुलगा मोठेपणी ढोलीचे झाड तोडताना थांबतो.

पंचायतीने काय करावे?

पंचायत सदस्यांपुढे मी तीन सूचना ठेवतो. त्यांना फारसा खर्च नाही.

पहिली सूचना. गावातील ढोलीच्या झाडांची यादी करावी. शाळेच्या मुलांनी नकाशा काढला असेल तर अर्धे काम झालेच. या झाडांवर गेरूने खूण करावी आणि झाडतोडीचा कोणताही प्रस्ताव आला की प्रथम ही यादी पाहावी. तोड टाळता येत नसेल तर निदान विणीचा काळ टाळावा. ई-वर्ग जमिनीवरील वठलेले झाड, जेथे माणसांना किंवा तारांना धोका नाही तेथे, उभे राहू द्यावे. ते सरपण म्हणून एक हिवाळा पुरेल. उभे राहिले तर कित्येक वर्षे पाखरांच्या कुटुंबांना पुरेल.

दुसरी सूचना. शाळा, पंचायत कार्यालय, अंगणवाडी यांच्या नव्या इमारतींत वळचणीखाली काही भोके राखून ठेवावीत. भिंत बांधतानाच विटेएवढी पोकळी सोडली तर वेगळी पेटी लागत नाही. जुन्या इमारतींवर मुलांनी केलेल्या पेट्या लावाव्यात आणि प्रत्येक पेटीला क्रमांक द्यावा. उन्हाळ्यात सावलीत एक मातीचे पसरट भांडे पाण्याने भरून ठेवावे व रोज धुवावे.

तिसरी सूचना. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती व लोक जैवविविधता नोंदवही असावी लागते. अनेक ठिकाणी ही वही एकदा भरून कपाटात गेली आहे. शाळेच्या पक्षिनोंदी दरवर्षी या वहीत उतरविल्या तर ती जिवंत राहील. पाच वर्षांनी एखादे पाखरू गावातून नाहीसे झाले तर ते केव्हापासून दिसेनासे झाले हे त्या वहीवरून कळेल. आज आपल्याला वडीलधाऱ्यांच्या आठवणीवरच भिस्त ठेवावी लागते.

मित्रहो, दसऱ्याला नीलकंठाचे दर्शन शुभ मानण्याची रीत आपल्याकडे आहे. तो नीलकंठही ढोलीतच जन्मतो. दर्शनासाठी शेतात जाणाऱ्या माणसाने, तो बसला होता ते झाड पुढील दसऱ्याला उभे असेल किंवा नाही एवढा विचार केला, तरी माझ्या भाषणाचे सार्थक झाले असे मी समजेन. येत्या संक्रांतीपर्यंत प्रत्येक शाळेने पाच पेट्या व एक वही, आणि प्रत्येक पंचायतीने झाडांची एक यादी, एवढे काम हाती घ्यावे अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.